राज्य कोणावर? लहान मुलांना नियम, कायदा आणि सरकार शिकवताना

तिसरी-चौथीचा जोडवर्ग सांभाळणाऱ्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, मुलांकडून सरपंच, मुख्यमंत्री, राष्ट्रपती यांची नावे पाठ करून घेतली, तरी ‘सरकार म्हणजे काय’ असे विचारले की मुले एक तर गप्प बसतात किंवा ‘पोलीस’ असे उत्तर देतात. या वयात हा विषय खरोखर शिकवता येतो का, सुरुवात कोठून करावी, आणि नियमांबद्दल प्रश्न विचारायला शिकवले तर मुले उद्धट होतील अशी भीती काही पालक बोलून दाखवतात, त्यांना काय सांगावे. मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत 31 वर्षे शिकवले आणि त्यांतली बहुतेक वर्षे दुसरी ते चौथीच्या वर्गांवर काढली. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की, हा विषय सातव्या-आठव्या वर्षी शिकवता तर येतोच, पण तो पदांच्या आणि नावांच्या यादीपासून सुरू केला की तेथेच संपतो. ‘हे कोणी ठरवले, कोणासाठी ठरवले आणि ते बदलायचे असेल तर कोणाकडे जायचे’ हे तीन प्रश्न मुलांच्या तोंडी बसले, तर पदांची नावे पुढे आपोआप जागच्या जागी येऊन बसतात.

सुरुवात खेळापासून करावी, कारण नियमांचा सर्वांत जुना आणि पक्का अनुभव मुलांना तेथेच आलेला असतो. आपल्या भाषेने या बाबतीत शिक्षकाचे काम सोपे करून ठेवले आहे. लपाछपीत ज्याने डोळे मिटून आकडे मोजायचे आणि मग सगळ्यांना शोधत फिरायचे, त्याच्यावर ‘राज्य’ आले असे मुले म्हणतात. मी वर्गात विचारत असे, “राज्य आले की मजा येते का?” मुले एका आवाजात “नाही” म्हणत. राज्य म्हणजे काम, राज्य म्हणजे जबाबदारी, आणि ते आळीपाळीने प्रत्येकावर येते, ही समज मुलांकडे आधीपासून असते. आपण फक्त तिच्याकडे बोट दाखवायचे. त्यानंतर विचारावे की, राज्य कोणावर हे कसे ठरवता? मुले हात पुढे करून चकून दाखवतात. तेथे लबाडी झाली तर ती कशी ओळखता? ‘टाइमप्लीज’ कोणीही, केव्हाही घेऊ शकतो का? लगोरीचा नियम डावाच्या मध्येच बदलला तर चालेल का? या शेवटच्या प्रश्नावर माझ्या प्रत्येक तुकडीत कडाक्याचे भांडण झाले आहे, आणि प्रत्येक वेळी मुलांनीच शेवटी असे ठरवले आहे की नियम बदलायला हरकत नाही, पण बदल पुढच्या डावापासून आणि सगळ्यांना सांगून. कायदा आधी जाहीर व्हावा लागतो आणि मागच्या कृत्याला नवी शिक्षा लावता येत नाही, हे तत्त्व आठ वर्षांच्या मुलांनी स्वतःच्या तोंडाने मांडलेले असते.

मुलांच्या समजेविषयी दोन गोष्टी माहीत असल्या की शिक्षकाची चिडचिड कमी होते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांशी बोलून असे नोंदवले होते की, लहान मुलांना नियम हे मोठ्यांकडून आलेले आणि न बदलणारे वाटतात, आणि दहाव्या-अकराव्या वर्षाच्या सुमारास नियम म्हणजे आपापसातला करार आहे हे त्यांना कळू लागते. नंतर अमेरिकेत एलियट ट्यूरिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, अगदी लहान मुलेही सगळे नियम एकाच तराजूत तोलत नाहीत. हे आपल्या वर्गातही करून पाहता येते. “बाईंनी परवानगी दिली तर गणवेश न घालता आलेले चालेल का?” असे विचारले तर मुले “हो” म्हणतात. “बाईंनी परवानगी दिली तर धाकट्या मुलाला ढकलले तर चालेल का?” असे विचारले तर तीच मुले क्षणभर माझ्याकडे पाहून ठामपणे “नाही” म्हणतात. परवानगी देणाऱ्याच्याही वर काहीतरी आहे, ही जाणीव त्यांच्यात असतेच, आणि संविधान समजावून सांगण्याची वाट तिच्यातूनच जाते.

आता एक प्रसंग जरा तपशिलाने सांगतो, कारण मला स्वतःला हा विषय त्यातून कळला. माझ्या एका शाळेत पोषण आहाराची खिचडी खाऊन झाली की मुले ताटे धुवायला टाकीकडे धावत. टाकीला दोनच नळ होते आणि त्यांतल्या एकाची तोटी नीट बंद होत नव्हती. चौथीची मुले पुढे घुसत, दुसरीची मागे राहत आणि रोज कोणाच्या तरी अंगावर खरकटे पाणी उडे. मी नियम करून दिला नाही. सगळ्यांना व्हरांड्यात गोल बसवले आणि विचारले की त्रास कोणाला होतो आहे आणि काय ठरवले तर तो कमी होईल. पहिला नियम झाला: जो आधी येईल त्याचा नंबर आधी. दोन दिवसांत मुलांच्याच लक्षात आले की जोरात पळणारे तेच ते चौघे रोज पहिले येतात, आणि सावकाश जेवणारी मुले व पायाने अधू असलेली एक मुलगी रोज शेवटी राहते. दुसरा नियम झाला: आधी दुसरी, मग तिसरी, मग चौथी. पण दुसरीच्या मुलांचे जेवणच आटोपत नसे आणि बाकीची रांग रिकाम्या नळासमोर ताटे घेऊन उभी राहत असे. तिसऱ्या खेपेला ठरले की एका नळावर दोघांनी जायचे, एकाने पाणी धरायचे, एकाने घासायचे, आणि प्रत्येक जोडीत एक मोठे व एक लहान मूल असायचे. हा नियम दिवाळीपर्यंत टिकला.

मग नवी अडचण आली. रांगेवर लक्ष ठेवायला नेमलेला मुलगा स्वतःच्या मित्रांना पुढे सोडू लागला. तक्रार करायची तर ती त्याच्याकडेच करायची होती. एका मुलीने विचारले, “सर, त्यालाच कोण विचारणार?” तो प्रश्न ऐकून मला फार आनंद झाला होता, कारण राज्यशास्त्राचा अर्धा अभ्यासक्रम त्या चार शब्दांत होता. मुलांनी ठरवले की लक्ष ठेवणारा दर सोमवारी बदलायचा, तक्रार ऐकायला दुसरी तीन मुले असायची, आणि तक्रार ज्याच्या मित्राविरुद्ध असेल त्याने त्या दिवशी निवाड्याला बसायचे नाही. तेव्हा कोठे मी फळ्यावर तीन शब्द लिहिले: ठरवणारे, अमलात आणणारे, निवाडा करणारे. त्यांच्यापुढे विधिमंडळ, शासन आणि न्यायालय हे शब्द मांडले. विधानसभेत 288 आमदार असतात असे सांगितल्यावर एकाने विचारले की इतकी माणसे बोलली तर ऐकणार कोण, आणि त्या प्रश्नातून सभागृहाचे अध्यक्ष आले. सत्राच्या पहिल्याच आठवड्यात हेच तीन शब्द पाठ करून घेतले असते, तर ते चाचणी परीक्षेनंतर राहिले नसते.

याच प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसली आणि ती नवीन शिक्षकांनी आधीच लक्षात ठेवावी. मुलांना शिक्षा ठरवायला दिली की ती फार कठोर शिक्षा ठरवतात. नियम मोडणाऱ्याला ‘दोन दिवस खिचडी द्यायची नाही’ असे आमच्या वर्गाने जवळजवळ एकमताने ठरवले होते. मी त्यांना सांगितले की ही गोष्ट वर्गाच्या हातात नाही, माझ्याही हातात नाही; शाळेतले जेवण हा तुमचा हक्क आहे, 2013च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तो लिहिलेला आहे आणि शिक्षा म्हणून तो कोणी काढून घेऊ शकत नाही. आपण सगळ्यांनी मिळून ठरवले तरी जे ठरवता येत नाही असे काही असते, हे मुलांना तेव्हा पहिल्यांदा कळले.

मतदान शिकवताना हीच गोष्ट अधिक जपून शिकवावी लागते. पुष्कळ शाळांत वर्गप्रमुखाची निवडणूक घेतात, चिठ्ठ्या, बोटाला शाई, सगळे साग्रसंगीत होते. त्यात वाईट काही नाही, परंतु सुरुवात तेथून करू नये, कारण लहान मुले माणसाला मत देताना मैत्रीला मत देतात आणि हरलेले मूल तो पराभव मनाला लावून घेते. आधी मत एखाद्या प्रश्नावर घ्यावे: कुंपणाशी शेवगा लावायचा की कडुनिंब, शनिवारी खो-खो की लंगडी. मतदानापूर्वी प्रत्येक बाजूच्या दोघांना बोलू द्यावे आणि नंतर ज्यांची बाजू पडली त्यांना विचारावे की आता तुम्ही काय कराल. शक्य तेथे मत घेण्याआधी सगळ्यांचे एकमत होते का हेही पाहू द्यावे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गावाची ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा मी दरवर्षी मुलांना सांगत असे, आणि त्या गावात निर्णय सर्वसहमतीने घेतात हेही सांगत असे. माझ्या मुलांना ते आधी अशक्य वाटे. मग ती करून पाहत, वेळ फार लागतो अशी तक्रार करत, आणि तरीही झाड निवडताना एकमतावरच येत.

पण एका वर्षी वीटभट्टीवर काम करणाऱ्या कुटुंबातला एक मुलगा नोव्हेंबरमध्ये वर्गात आला. त्याची बोली वेगळी होती, कपडे मळलेले असत. काही दिवसांनी मुलांनी माझ्याकडे येऊन सांगितले की त्याला शेजारी बसवायचे का यावर मत घ्यावे, आणि त्यांनी आपसात मोजूनही ठेवले होते: 21 विरुद्ध 4. मी मत घेतले नाही. पाठ्यपुस्तक उघडून सुरुवातीला छापलेली संविधानाची उद्देशिका काढायला सांगितली. परिपाठात आम्ही ती रोज म्हणत होतो. ‘दर्जाची व संधीची समानता’ या शब्दांवर प्रत्येकाला बोट ठेवायला सांगितले. मग म्हणालो की हे आम्ही भारताच्या लोकांनी 26 नोव्हेंबर 1949 रोजी लिहून ठरवले आहे. कोणी कोणाला दूर बसवायचे यावर या देशात मत घेता येत नाही, 21 विरुद्ध 4 असले तरी नाही आणि 24 विरुद्ध 1 असले तरी नाही. तो मुलगा वर्गातच होता आणि त्याचेही बोट त्याच ओळीवर होते. त्या दिवशी मी जास्त काही बोललो नाही. जागा मात्र मी त्याच तासाला बदलल्या आणि त्याला पहिल्या ओळीत बसवले.

आरक्षणाविषयी मुले विचारतातच, विशेषतः गावात सरपंचपद महिलेसाठी किंवा एखाद्या प्रवर्गासाठी राखीव निघाले की घरातली चर्चा वर्गात येते. येथे एक सोपा पण चुकीचा दृष्टांत हाताशी असतो, तो म्हणजे लिंबूटिंबूचा. खेळात लहानग्याला लिंबूटिंबू म्हणून घेतात, तो बाद झाला तरी बाद धरत नाहीत. पायाने अधू मुलीसाठी शाळेला उतार का बांधला, किंवा लहानांना मोठ्यांचे नियम जसेच्या तसे का लावत नाहीत, हे सांगताना हा शब्द थोडासा उपयोगी पडतो. आरक्षणासाठी तो कधीही वापरू नये. लिंबूटिंबूचा डाव मोजत नाहीत. राखीव जागेवर निवडून आलेल्या सरपंचाची सही मात्र पूर्ण सही असते, तिचा निर्णय पूर्ण निर्णय असतो. मी मुलांना असे सांगत असे की, ज्यांच्यावर वर्षानुवर्षे राज्य येऊच दिले नव्हते त्यांच्यापर्यंत ते पोहोचावे म्हणून केलेली ही व्यवस्था आहे, आणि म्हणूनच महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत 2011पासून निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते तेव्हा चिठ्ठी उचलायला पुष्कळदा एखाद्या लहान मुलालाच बोलावतात, हे ऐकून मुलांना मोठी गंमत वाटते. चिठ्ठी लहान मूलच का उचलते, याचे उत्तर त्यांनाच शोधू द्यावे.

नियम आणि कायदा यांतला फरक शिकवायला मी व्याख्या दिल्या नाहीत, कागदाचे तुकडे दिले. त्यांवर एकेक वाक्य असे: जेवणाआधी हात धुणे, घरात येताना चपला बाहेर काढणे, शाळेत वेळेवर येणे, दुचाकीवर हेल्मेट घालणे, 18 वर्षांच्या आधी मत न देणे, मुलीचे 18 आणि मुलाचे 21 वर्षांच्या आत लग्न न करणे. मुलांनी त्यांचे सवय, रीत, नियम आणि कायदा असे चार ढीग करायचे आणि प्रत्येक ढिगाजवळ सांगायचे की हे मोडले तर कोण विचारेल. लग्नाच्या वाक्यावर एखादे मूल घरातली गोष्ट सांगून बसते. अशा वेळी सगळ्यांसमोर खोदून विचारू नये. तास पुढे न्यावा, त्या मुलाशी नंतर एकट्याने बोलावे, आणि 1098 हा मुलांच्या मदतीचा क्रमांक कशासाठी असतो हे त्याच आठवड्यात साऱ्या वर्गाला सांगावे. याच चार ढिगांच्या तासाला मी मुलांना आणखी एक कायदा सांगत असे: 2009च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शिक्षकाला मुलाला मारता येत नाही आणि मनाला लागेल असा छळही करता येत नाही. हे मी स्वतः, वर्गासमोर उभा राहून सांगत असे. कायदा सरांनाही लागू आहे, हे वाक्य सरांच्याच तोंडून ऐकल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही चित्रतक्त्याने साधत नाही.

चौथीच्या वर्षी एक गोंधळ हमखास होतो. त्या वर्षभर मुले छत्रपती शिवाजी महाराजांचा इतिहास शिकत असतात, त्यामुळे मुख्यमंत्री म्हणजे आजचा राजा आणि मंत्री म्हणजे त्याचे अष्टप्रधान असे चित्र त्यांच्या मनात तयार होते. ते चित्र मोडण्याची घाई न करता त्यातूनच पुढे जावे. चिपळूणजवळच्या छावणीतल्या आपल्याच अधिकाऱ्यांना महाराजांनी पाठवलेले पत्र यासाठी फार उपयोगाचे आहे. धान्य, वैरण, भाजी जे लागेल ते बाजारातून पैसे देऊन आणा, रयतेला ओरबाडू नका, असे त्यात बजावले आहे; आणि रात्री दिवा तसाच ठेवला तर उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागेल, घोडी वाचणार नाहीत, असे कारणही दिले आहे. हुकूम आहे, पण तो कारणासह आहे, आणि तो आधी आपल्या माणसांना लागू आहे. हे पत्र सांगून झाल्यावर मी विचारत असे की, राजा असा नसता तर रयतेने काय केले असते? मुले विचारात पडत. आज राज्यकर्ता बदलायला आपण पाच वर्षांनी मत देतो आणि मधल्या काळातही कायदा त्याला बांधून ठेवतो, हा फरक त्यानंतर सांगितला की मुलांना तो पटतो, आणि महाराजांविषयीचा आदरही अधिक डोळस होतो.

ग्रामपंचायत, राज्य आणि केंद्र यांची उतरंड शिकवायला आठवडाभर घालवू नये. गावातला नळ ग्रामपंचायतीचा, शाळा जिल्हा परिषदेची, एसटी राज्याची आणि पोस्ट केंद्राचे, एवढे मुलांना फिरून दाखवले की पुरे. कराबद्दल मात्र एक गोष्ट आवर्जून सांगावी: घरपट्टी वडील भरतात, पण बिस्किटाच्या पुड्याच्या किमतीतही कर धरलेला असतो, म्हणजे पुडा विकत घेणारे मूलही सरकारच्या खर्चात वाटा उचलते. हे कळल्यावर मुले रस्त्यावरच्या खड्ड्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

ग्रामपंचायत कार्यालयाची भेट बहुतेक शाळा काढतात. ती नुसती पाहण्यासाठी न काढता काहीतरी काम घेऊन काढावी. आमच्या शाळेच्या दारासमोरचे गटार उघडे होते. मुलांनी अर्ज लिहिला, सगळ्यांनी खाली नावे घातली आणि एक प्रत स्वतःकडे ठेवून दुसरी कार्यालयात दिली. आवक क्रमांक आणि शिक्का पडलेली पोच हातात येईपर्यंत तेथून हलायचे नाही, हे मी आधीच सांगून ठेवले होते. कार्यालयात नमुना 8ची, म्हणजे गावातल्या घरांच्या करआकारणीची, नोंदवही उघडून दाखवली तेव्हा प्रत्येक जण आपापल्या घराचा आकारणीचा आकडा शोधू लागला, आणि एका मुलीला आपले घर आईच्या नावावर असल्याचे तेथे समजले. पोच आम्ही वर्गाच्या भिंतीवर लावली. महिनाभर काही झाले नाही. पुढच्या ग्रामसभेला मुलांना मत नव्हते, पण त्यांचे पालक होते. दोन आयांनी पोचीचा क्रमांक वाचून दाखवून विषय मांडला.

पालकांच्या भीतीचे उत्तर मी याच अनुभवातून देतो. माझ्या वर्गातली मुले प्रश्न विचारू लागली हे खरे आहे. घरीही त्यांनी विचारले असेल, “हे कोणी ठरवले?” पण ज्या नियमाचे कारण त्यांना माहीत होते आणि जो ठरवताना त्यांचे ऐकून घेतले होते, तो नियम त्यांनी माझ्या पाठीमागेही पाळला. उद्धटपणा मला दिसला तो उलट अशा वर्गांत, जेथे नियम फक्त शिक्षक वर्गात असेपर्यंत चालत असे. पालकांना हे तोंडी पटवत बसण्यापेक्षा शाळा व्यवस्थापन समितीच्या एखाद्या बैठकीला मुलांची गोल सभा दाखवावी. त्या समितीत तीन-चतुर्थांश पालकच असतात आणि आपले मूल दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होईपर्यंत थांबते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले की बरेच काम होते.

आपल्या जोडवर्गासाठी म्हणून एवढेच सुचवतो की, पहिल्या आठवड्यात पुस्तक उघडू नका. मुलांना रोज ज्या गोष्टीचा त्रास होतो अशी एकच गोष्ट निवडा, दप्तरांची जागा असो वा झोपाळ्याची पाळी, आणि तिचा नियम त्यांना करू द्या. तो फसेल, तेव्हा दुरुस्त करण्याची घाई करू नका. आमच्या गटारावर त्या उन्हाळ्यात फरश्या बसल्या, पण शाळेच्या दारापुरत्याच. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चौथीत गेलेल्या मुलांनी पहिल्याच दिवशी उरलेल्या भागासाठी दुसरा अर्ज लिहायला कागद मागितला, आणि वरच्या कोपऱ्यात आधीच्या पोचीचा क्रमांक कोठे घालायचा हे त्यांनी मला विचारले नाही.